उभी माणसं बघायला जाणाऱ्या अक्का

आयसीयूतला माझा पहिला दिवस होता. ड्युटी बदलताना मी रिपोर्ट द्यायला उभी राहिले आणि नर्सिंग कॉलेजात शिकवल्याप्रमाणे छान सुरात सुरू केलं, "बेड नंबर चार, व्हेंटिलेटरवर आहे, प्रकृती स्थिर..."

अक्कांनी हात वर करून मला थांबवलं. चष्मा कपाळावर चढवला. चार नंबरच्या बेडपाशी गेल्या, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकल्या, बेडचे लोखंडी पाय एकेक करून हलवून बघितले आणि तिथूनच मला म्हणाल्या, "बेडले काही झालं नाही. बेड चांगला ठणठणीत आहे. त्याच्यावर कोण आहे ते सांग."

मी कागदात नाव शोधायला लागले. सगळ्या सिस्टर माना खाली घालून हसत होत्या.

"नाव सांग, गाव सांग, आणि बाहेर बाकड्यावर कोण वाट पाहू राहिलं ते सांग. बाकीचं मशीन सांगते. त्यासाठी तुले पगार नाही."

जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात अक्का आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. मूळच्या पहूरच्या, राहायला पिंप्राळ्यात. उंची बेताची, अंबाड्यात खोचलेली दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, आणि आवाज असा की 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्याच खुर्चीमागे लावायला ज्याने सुचवलं त्याचं मला कौतुक वाटायचं. माणसांना जसं नावगाव चिकटवायच्या, तसं आम्हा सिस्टरांना नुसतं गाव चिकटवायच्या. मी धुळ्याची म्हणून माझं नाव 'धुळं'. चोपड्याची एक होती, ती 'चोपडा'. जळगावातच जन्मलेल्या एकीची पंचाईत झाली, तिला गल्लीच्या नावावर भागवावं लागलं. तिने तक्रार केली तेव्हा अक्का म्हणाल्या, "मग लग्न करून दुसऱ्या गावाले जा, बदलून देईन."

मशीनशी त्यांचं रोज भांडण. व्हेंटिलेटर वाजायला लागला की पळत जाता जाता त्यालाच बोलायच्या, "आले, आले! काबर बोंबलू राहिला? तुले एकट्यालेच काळजी आहे का?" एका सलाइनच्या पंपाशी तर त्यांनी तीन दिवस अबोला धरला होता. त्याच्याकडे न बघता बटण दाबायच्या. आश्चर्य म्हणजे चौथ्या दिवशी तो पंप नीट चालायला लागला. कंपनीचा माणूस येऊन गेला होता हे आम्हाला माहीत होतं, पण अक्कांना सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.

रडण्याबद्दल त्यांचा एक नियम होता. पेशंट दगावला आणि एखादीचा चेहरा बदलला की अक्का सगळ्यांसमोर हुकूम सोडायच्या, "जा, चादरी मोजून ये." कपड्यांच्या खोलीत जाऊन रडून घ्यायचं, हा त्याचा अर्थ. पण परत आल्यावर त्या विचारायच्या, "किती?" आणि आकडा सांगावाच लागायचा, आणि तो बरोबर असावा लागायचा, कारण त्यांना माहीत असायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पोटभर रडले आणि अंदाजाने 'चाळीस' सांगितलं. अक्कांनी परत पाठवलं. दुसऱ्यांदा खरोखर मोजायला बसले. तिसाच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की मोजताना रडता येत नाही. या बाईने हा शोध कधी आणि कोणत्या दिवशी लावला असेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, अक्का दगडाच्या आहेत. आम्ही त्यांना घाबरायचो आणि त्यांच्या नकला करायचो.

सगळ्यात मोठी नक्कल त्यांच्या गुरुवारची असायची. गुरुवार त्यांच्या सुट्टीचा. त्या दिवशी त्या सकाळी एसटी पकडून कुठल्या तरी गावाला जायच्या आणि शुक्रवारी ड्युटीवर येताना पिशवीत भरताची वांगी नाहीतर शेवग्याच्या शेंगा घेऊन यायच्या. आम्ही म्हणायचो, अक्का दौऱ्यावर जाऊन आल्या. शेवटी चोपड्याने धीर करून विचारलंच, "अक्का, दर गुरुवारी जाता तरी कुठे?"

"उभी माणसं बघायले."

आयसीयूतून बरा होऊन गेलेला पेशंट त्याच्या घरी जाऊन बघायचा, हा त्यांचा गुरुवारचा कार्यक्रम होता. डिस्चार्जच्या वेळी नातेवाईक "या एकदा आमच्याकडे" असं तोंडदेखलं म्हणतात ना, अक्का ते खरं मानायच्या. नसतील म्हणाले तर म्हणायला लावायच्या. घरी जाऊन पेशंटला उभं करायच्या, चालवायच्या, जेवताना समोर बसून बघायच्या, तंबाखूची पुडी सापडली तर खडसावायच्या आणि पुढच्या गाडीने परत यायच्या.

"आपण माणूस आडवाच बघतो," त्या म्हणाल्या. "बरा झाला की खालच्या वॉर्डात जातो, तोही आडवाच. गेला तरी आडवाच जातो. आपल्या डोळ्यांले दोन्ही सारखंच दिसते, बेड रिकामा. मग डोक्यात काय साठते? बठ्ठी, सगळी आडवी माणसं. म्हणून मी उभी बघून येते."

तेव्हा आम्ही तोंडावर रुमाल धरून हसलो. त्याच वर्षी पावसाळ्यात माझ्या डोक्यात एक आडवी मुलगी जाऊन बसली आणि माझं हसणं बंद झालं.

शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक पाडा आहे, तिथली ती सोळा वर्षांची मुलगी. जमिनीवर झोपली असताना मण्यार चावली होती. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात करत जळगावला आली तेव्हा तिला पापणी उचलायचीही ताकद नव्हती. तीन दिवस माझ्याकडेच होती. तिचे वडील बाहेर बाकड्यावर बसून होते. सडपातळ, चाळिशीचा माणूस, खांद्यावर पंचा. तीन दिवसांत त्यांनी पाणी सोडून काही घेतलं नव्हतं. मी दाराबाहेर आले की उठून उभे राहायचे, विचारायचे काहीच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. मी हात दिला तर बोटं दाबली. डॉक्टरांनी बघितलं, समाधानाने मान डोलावली. मला इतका आनंद झाला की मी धावत बाहेर गेले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "दादा, ती आता बरी आहे. तुम्ही आधी जेवून या. जा म्हणते ना मी!"

ते गेले. अर्ध्या तासाने त्या मुलीचं हृदय थांबलं. आम्ही पाऊण तास झटलो, पण काही उपयोग झाला नाही. का थांबलं ते डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, कोणाचीही चूक नाही हेही सांगितलं. ते मला पाठ आहे. पण दार उघडून बाहेर आले तेव्हा तिचे वडील समोर उभे होते, हातात कागदात गुंडाळलेली दोन केळी. मला बघून हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"दोन केळा शेतस, ताई. उठनी का दी देजा."

ती उठली की द्यायला आणली होती. अक्का मागून आल्या, मला बाजूला केलं आणि त्यांनी सांगितलं.

त्या दिवसापासून मी दाराबाहेरच्या बाकड्याशी बोलणं सोडलं. येता-जाता मागचा जिना वापरायची. कोणाचे नातेवाईक काही विचारायला आले की "डॉक्टरांना विचारा" एवढं एकच वाक्य. 'बरा आहे' हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघेनासे झाले, घरी आईने फोनवर 'कशी आहेस' विचारलं तरी. बँकेत टोकनचं यंत्र वाजलं की मी आकडा बघायच्या ऐवजी नाडीचे ठोके शोधायची. आणि केळी! जळगावात राहून केळ्यांपासून तोंड लपवायचं म्हणजे काय सोसणं असतं ते ज्याचं त्याला माहीत. प्रत्येक कोपऱ्यावर गाडी, प्रत्येक रस्त्याला ट्रक. मी मान खाली घालून चालायला लागले.

साधारण तेव्हाच धुळ्याहून एक मुलगी आमच्याकडे फॉर्म घेऊन आली. नर्सिंगचं वरचं शिक्षण घेत होती. आयसीयूतल्या सिस्टरांचा स्वभाव, त्यांची तग धरण्याची ताकद आणि मनावर बसलेल्या धक्क्यांचा ताण, या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असा तिचा विषय होता. आम्ही सगळ्यांनी निमूट खुणा केल्या. मी सगळीकडे 'कधीच नाही' वर खूण केली, म्हणजे कोणी काही विचारायला नको. अक्कांनी मात्र तिला समोर बसवून घेतलं आणि प्रश्न मोठ्याने वाचायला लागल्या.

"'कठीण प्रसंगातून मी लवकर सावरते.' हे कोणत्या वारी विचारू राहिली तू?"

"वार नाही मॅडम, एकंदरीत."

"एकंदरीत कोणी नसते बाई. गुरुवारी संध्याकाळी विचारशील तर पूर्ण सहमत. सोमवारी विचारशील तर फॉर्म फाडून टाकीन."

पुढचा प्रश्न होता, 'गेल्या महिन्यात नको असलेल्या आठवणी मनात आल्या का?' अक्का म्हणाल्या, "हव्या असलेल्या कुठे लिहायच्या? त्याले रकाना नाही का?" त्या बिचारीने खरंच समासात रकाना आखून दिला. अक्कांनी त्यात लिहिलं, 'पारोळ्याकडचे नाना विहिरीवर चालत गेले, त्यांच्या बायकोचा फोन आला.' मुलगी ते वाचून गोंधळली, पण कागद जपून ठेवला. फॉर्म गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला दिसलं की अक्कांनी एकच प्रश्न कोरा सोडला होता: 'एखाद्या प्रसंगाची आठवण येऊ नये म्हणून काही ठिकाणी जाणं टाळता का?'

दिवाळी झाली तशी मी राजीनाम्याचा अर्ज लिहिला. सिस्टरचं काम सोडून द्यायचं, धुळ्याला आईकडे जायचं, शिवणकाम, शिकवणी, काहीही करायचं, पण दवाखान्याची पायरी चढायची नाही, हे माझं पक्कं झालं होतं. अर्ज अक्कांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला, अंबाड्यातलं लाल पेन काढून शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत माझ्या हातात दिला.

"गुरुवारी सुट्टी बदलून घे. माझ्यासोबत चल. मग द्यायचा तर दे."

त्या गुरुवारी आम्ही पारोळ्याकडच्या त्या नानांकडे गेलो. हे नाना आमच्याकडे एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि त्यातले दहा दिवस आम्ही सगळ्यांनी आशा सोडली होती. आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात उभं राहून शेजाऱ्याशी बांधावरून भांडत होते. अक्का फाटकातच थांबल्या आणि गाणं ऐकावं तशा ऐकत राहिल्या. "धाप बघ," मला हळूच म्हणाल्या, "शिवी पूर्ण होईपर्यंत लागत नाही."

नानांनी आम्हाला अजिबात ओळखलं नाही. अक्कांनी त्यांना ओट्यापासून गोठ्यापर्यंत चालून दाखवायला सांगितलं तेव्हा ते बायकोकडे वळून म्हणाले, "कोन व ही बाई? मन्हा घरमा माले चालाले सांगस!"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. शेवटी नाना चालले. चांगले तरातरा चालले, रागाने असेल. अक्का त्यांच्या पावलांकडे बघत होत्या. तेव्हा मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला पहिल्यांदा कळलं की ही बाई दगडाची वगैरे काही नाही. तिला दर आठवड्याला हे लागतं, आणि ते मिळवायला ती दोन-दोन एसट्या बदलून उन्हातान्हात जाते. इतक्या नकला केल्याची मला लाज वाटली.

मलाही बरं वाटलं, नाही असं नाही. शेवभाजी-भाकरी पोटभर खाल्ली. पण परतीच्या गाडीत खिडकीतून केळीची बाग दिसली आणि पुन्हा तो कागदाचा पुडा डोळ्यांसमोर आला.

"अक्का," मी म्हणाले, "मला उभी माणसं बघून चालणार नाही. मला त्या मुलीच्या वडिलांकडे जायचंय. मी त्यांना तिच्यापासून उठवून पाठवलं. एकदा तोंडावर शिव्या दिल्या तर बरं होईल. तुम्ही चला."

अक्कांनी मांडीवरची पिशवी आवळून धरली.  म्हणाल्या, "मी गेलेल्यांच्या घरी जात नाही."

"का?"

"जात नाही म्हटलं ना."

पण एरंडोल सोडल्यावर आपण होऊनच बोलल्या. कोरोनाच्या दिवसांत चोपड्याच्या पलीकडच्या एका गावातले निवृत्त मास्तर त्यांच्याकडे होते. घरचं कोणी आत येऊ शकत नव्हतं. मास्तरांनी खुणेने विचारलं, बायकोला फोन लावून द्याल का. अक्का सकाळपासून उभ्या होत्या, अंगात ते प्लास्टिकचे कपडे, आणि बाजूचा पेशंट बिघडत होता. त्या म्हणाल्या, "मास्तर, उद्या सकाळी नक्की लावून देते." सकाळी मास्तर नव्हते.

"माझ्याच फोनमध्ये त्यांच्या बायकोचा नंबर आहे," अक्का म्हणाल्या. "त्या रस्त्याने चारदा गेले असेन. त्यांचं गाव आलं की मी डोळे मिटून घेते."

पुढच्या गुरुवारी मी एकटीच निघाले. जळगावच्या बसस्टँडवर शिरपूरच्या गाडीत चढले तर अक्का खिडकीपाशी जागा धरून बसलेल्या. "शिरपूरपर्यंतच येते," म्हणाल्या. "मले तिथे काम आहे." शिरपूरला कसलंही काम निघालं नाही. तिथून जीप करायची होती, तेव्हा म्हणाल्या, "जीपवाला कसा असेल काय माहीत, सडकेपर्यंत येते." सडक जिथे संपली तिथे उतरलो. पुढे पाडा वर टेकडीवर, दगडगोट्यांची चढण. अक्कांनी वर बघितलं, गुडघे चोळले आणि म्हणाल्या, "तू धापा टाकू राहिली. पाणी माझ्या पिशवीत आहे. येते अर्ध्यापर्यंत." अर्ध्यावर त्या तीनदा बसल्या, आणि दर वेळी माझी नाडी तपासली. मला वरपर्यंत जायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला आणि माझ्या हातात एक पर्स सोडून काही नव्हतं.

मुलीचे वडील अंगणात तुरीच्या शेंगा पसरत होते. मला बघितलं आणि लगेच ओळखलं. खाट आणून टाकली, बायकोला हाक मारली, पाणी आणलं. अक्का खाटेच्या कडेला अवघडून बसल्या होत्या, पाहुणी जागा चुकून आल्यासारख्या. मी पाणी प्याले नाही. उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. मी तुम्हाला सांगितलं ती बरी आहे. मी तुम्हाला जेवायला पाठवलं. मी पाठवलं नसतं तर तुम्ही तिथे असता. बोलता बोलता मला रडू आलं आणि तिथे मोजायला चादरी नव्हत्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग जरा नवल वाटल्यासारखं विचारलं, "मझार लेतस का तुम्ही कोनले? मी बाकडावरच व्हतू ना. तू व्हती ना तिन्हा जवय?"

आत आम्ही खरंच कोणाला घेत नव्हतो. "होते जवळ," मी म्हणाले. "हात धरला होता."

"मंग एकली नही गयी."

त्यांची बायको चुलीपाशी बसली होती, तिने पदराने डोळे पुसले. त्यांनी सडकेच्या दिशेने खाली बघितलं. मग म्हणाले, "त्या दिन पानी चालू व्हतं. गाडी खाले सडकवर थांबनी, वर काय येस? भाऊबंद म्हनेत, आम्ही धरतस. मी कोनले हात लावू दिधा नही. मन्ही पोर, मीच लई जासू. खांदावर लिसन उनू, आठे लगून." त्यांनी पायाखालच्या अंगणाकडे बोट केलं. "तीन दिन पोटमा काहीच नही व्हतं, ताई. तू जेवाले धाडं म्हनीसन जेवनू. नही तं वाटमाच पडी जातू, पोरले लिसन."

मी ती चढण नुकतीच चढून आले होते. चिखलात, पावसात, सोळा वर्षांची मुलगी खांद्यावर, मी जेवायला पाठवलं त्या जेवणाच्या बळावर.  मी खाटेवर बसले आणि तांब्यातलं सगळं पाणी प्याले.

त्यांच्या बायकोने तुरीच्या शेंगा उकडून आणल्या. आम्ही चौघं अंगणात बसून शेंगा सोलून खात होतो. त्यांनी जळगावच्या त्या बाकड्यावर शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांची चौकशी केली, त्यांची म्हातारी वाचली का म्हणून. माझ्या तोंडून पटकन निघालं, "हो, बरी आहे ती. चालत घरी गेली." मग माझं मलाच जाणवलं की मी काय बोलले. अक्कांनीही ऐकलं. त्यांनी एक शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवले.

परत येताना शिरपूरहून चोपड्यामार्गे जळगावची गाडी मिळाली. अक्का खिडकीशी, मी शेजारी. दुपार कलली होती. अक्कांचे डोळे या वेळी उघडे होते. चोपडा यायला थोडा वेळ राहिला असताना त्या एकदम उठल्या आणि कंडक्टरला त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, थांबव! मले उतरायचं आहे."

"आठे? अक्का, तिकीट जळगावनं शे ना?"

"असू दे. थांबव."

मीही उठले. त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "तू बस. सकाळची ड्युटी आहे तुझी. मी उशिरा आले तर तोपर्यंत तू सांभाळ." मी आयसीयूत असणारच हे त्यांनी असं गृहीत धरलं की पर्समधल्या अर्जाचा विषय निघालाच नाही.

गाडी थांबली. समोर एक बैलगाडी आडवी होती, त्यामुळे आम्ही जरा वेळ तिथेच उभे होतो. खिडकीतून मला अक्का दिसत होत्या. त्यांनी टपरीवाल्याला मास्तरांचं घर विचारलं असावं. त्याने रस्त्यापलीकडच्या निळ्या दाराच्या घराकडे हात केला. अक्का रस्ता ओलांडून गेल्या, ओट्याच्या दोन पायऱ्या चढल्या, साडी सारखी केली. कडी वाजवायला हात वर नेला आणि हात तिथेच राहिला. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, अख्ख्या आयसीयूला पळवणारी, त्या बंद दारासमोर हात वर करून उभी राहिली होती. पाठीमागून त्या किती लहान दिसत होत्या.

मग त्या वळल्या. एक पायरी खाली उतरल्या.

मी खिडकीची काच ढकलली, डोकं बाहेर काढलं आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात ओरडले, "अक्का! काबर थांबल्या? वाजवा कडी!"

सगळी गाडी माझ्याकडे वळून बघायला लागली. टपरीवाला बघायला लागला. अक्कांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, एवढ्या रागाने की मला हायसं वाटलं. मग त्या पायरी चढल्या आणि त्यांनी कडी वाजवली.

बैलगाडी बाजूला झाली होती. आमची गाडी सुटली. दार उघडलेलं मला दिसलं.